पर्यावरण दिन : तारखांचा इतिहास आणि कोल्हापूरचे काम
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

जूनच्या अंकासाठी प्रश्न मागवले, तेव्हा आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : पर्यावरणाच्या नावाने वर्षभर येणाऱ्या जागतिक दिनांचे आपल्या जिल्ह्यात नेमके करायचे काय? त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. काही पत्रांतील मजकूर जागेअभावी थोडा आवरता घेतला आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत २२ एप्रिलला वसुंधरा दिन, १६ सप्टेंबरला ओझोन दिन आणि शाळा उघडल्यावर थोड्या उशिराने ५ जूनचा पर्यावरण दिन साजरा होतो. वसुंधरा दिन आणि पर्यावरण दिन यांत फरक काय आणि या तारखा ठरवते कोण, असे मुले विचारतात. परिपाठात सांगता येईल असे उत्तर द्यावे.
— एक प्राथमिक शिक्षिका, करवीर तालुका

उत्तर : २२ एप्रिल हा दिवस लोकांनी उभा केला आणि ५ जून हा सरकारांनी ठरवला, असे मुलांना थोडक्यात सांगावे. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सांता बार्बाराजवळच्या समुद्रात एका तेलविहिरीतून तेल उसळले आणि किनाऱ्यावर काळा थर पसरला. हजारो पक्षी मेले. विस्कॉन्सिन राज्याचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी हे पाहिले आणि विद्यापीठांमध्ये त्या काळी युद्धविरोधी चर्चासभा जशा भरत होत्या, तशाच पर्यावरणासाठी भराव्यात अशी कल्पना मांडली. डेनिस हेस या तरुणाने देशभराची जुळवाजुळव केली. सुट्टी आणि परीक्षा यांच्या मधला, विद्यार्थी मोकळे असतील असा दिवस म्हणून २२ एप्रिल १९७० हा बुधवार निवडण्यात आला आणि सुमारे दोन कोटी अमेरिकन नागरिक त्या दिवशी घराबाहेर पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि हवेच्या प्रदूषणाविरुद्धचा कडक कायदा मंजूर झाला. हा दिवस १९९० पासून जगभर पसरला. संयुक्त राष्ट्रांनी त्याला ‘आंतरराष्ट्रीय वसुंधरा माता दिन’ म्हणून मान्यता दिली ती पुढे २००९ मध्ये, बोलिव्हियाच्या पुढाकाराने.

५ जूनची गोष्ट स्वीडनमधली आहे. मानवी पर्यावरण या विषयावरची संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद ५ ते १६ जून १९७२ या काळात स्टॉकहोम येथे झाली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याखेरीज एकाच देशाच्या पंतप्रधान तेथे स्वतः उपस्थित राहिल्या, त्या म्हणजे इंदिरा गांधी. गरिबी आणि गरज यांचा विचार टाळून प्रदूषणाचा प्रश्न सुटणार नाही, ही त्यांनी तेथे मांडलेली भूमिका आजही विकसनशील देशांच्या बाजूने उद्धृत केली जाते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने परिषदेच्या पहिल्या दिवसाची तारीख जागतिक पर्यावरण दिन म्हणून ठरवली आणि १९७४ मध्ये ‘एकच पृथ्वी’ या विषयाने तो प्रथम साजरा झाला. दरवर्षी एखादा देश त्याचे यजमानपद घेतो. भारताने ते २०११ आणि २०१८ मध्ये घेतले होते.

तारखा ठरवण्याची रीत साधारण अशी : एखादा देश किंवा एखाद्या कराराचे सदस्य प्रस्ताव मांडतात आणि आमसभा ठराव करते. मात्र सगळेच दिन या वाटेने आलेले नाहीत. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन २०१० पासून साजरा होतो आणि त्याची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातल्या, नाशिकच्या एका संस्थेने केली, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. जगाने पाळावा असा दिवस आपल्याकडूनही निघू शकतो, हे त्यांना कळले पाहिजे.

प्रश्न : फलक लागतात, भाषणे होतात, फोटो छापून येतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे जैसे थे असते. इतकी वर्षे हे पाहिल्यावर विचारावेसे वाटते की, या दिनांमुळे जगात कधी काही बदलले आहे काय?
— एक सेवानिवृत्त अभियंता, शिवाजी पेठ

उत्तर : आपला त्रागा रास्त आहे आणि तरीही उत्तर ‘होय’ असे आहे. केवळ दिवस साजरा केल्याने काही बदलत नाही, हे आधीच मान्य करतो. परंतु ज्या दिनामागे एखादा ठोस निर्णय उभा आहे, त्या दिनाने फार मोठे काम केले आहे.

त्याचे सर्वांत चांगले उदाहरण १६ सप्टेंबरचे आहे. फ्रीज, वातानुकूलन यंत्रे आणि फवाऱ्याचे डबे यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन ओझोनचा नाश करू शकतात, असे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनचा थर वसंत ऋतूत कमालीचा विरळ होत असल्याचे ब्रिटिश संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, मॉन्ट्रियल येथे करार झाला. कोणता वायू कोणत्या वर्षापर्यंत किती कमी करायचा याचे वेळापत्रक त्यात होते, विकसनशील देशांना जास्त मुदत होती आणि पुढे त्यांच्यासाठी निधीही उभारला गेला. जगातील प्रत्येक देशाने हा करार स्वीकारला आहे. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. करारात समाविष्ट असलेल्या घातक रसायनांपैकी सुमारे ९९ टक्के आज वापरातून गेली आहेत आणि हीच वाटचाल टिकली तर अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

यातला क्रम लक्षात घ्यावा. करार १९८७ चा आहे आणि दिन जाहीर झाला तो १९९४ मध्ये. म्हणजे आधी काम ठरले आणि मग त्या कामाची दरवर्षी झाडाझडती घेण्यासाठी तारीख नेमली गेली. दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी वही बदलतो, तेव्हा मागच्या वहीची बेरीज झालेली असते. ती केल्याशिवाय नव्या वहीला हळद-कुंकू वाहण्यात काही अर्थ नसतो. आपल्याकडच्या कार्यक्रमांत राहून जाते ती नेमकी ही मागची बेरीज. गेल्या वर्षी आपण काय ठरवले होते आणि त्याचे काय झाले, हा प्रश्न व्यासपीठावरून कोणी विचारत नाही.

५ जूनबाबतही एक गोष्ट आपल्यासारख्या चिकित्सक वाचकाला आवडेल. आपल्या देशाचा १९८१ चा हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा या दोन्हींच्या प्रास्ताविकात जून १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा उल्लेख आहे. तेथे घेतलेले निर्णय अमलात आणण्यासाठी हा कायदा करत आहोत, असे संसदेने स्वच्छ लिहून ठेवले आहे. त्यामुळे ५ जूनला एखाद्या उद्योगाच्या सांडपाण्याविषयी किंवा धुराविषयी लेखी विचारणा करणे हे त्या दिवसाच्या मूळ हेतूला धरूनच आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. आपण अभियंता आहात, म्हणून सुचवतो : आपल्या भागातील एकच नाला किंवा कारखान्याची एकच चिमणी निवडावी, तिच्या परवान्याच्या अटी मागवाव्यात आणि दरवर्षी त्याच तारखेला त्या पाळल्या गेल्या की नाही हे पाहावे.

प्रश्न : आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने गेल्या ५ जूनला माळावर रोपे लावली. पाऊस लांबला आणि बरीच रोपे वाळली. यंदा काय करावे? कोणती झाडे निवडावीत?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कागल

उत्तर : ५ जूनला झाडे लावू नयेत, मोजावीत. ही आमची ठाम सूचना आहे आणि तिचे कारण साधे आहे.

जागतिक पर्यावरण दिनाची तारीख स्टॉकहोमच्या परिषदेवरून आली आहे. आपल्या पावसाशी तिचा काही संबंध नाही. कोल्हापूर जिल्ह्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, पण तो आला म्हणजे टिकला असे होत नाही. पहिल्या सरीनंतर आठ-पंधरा दिवसांची ओढ बसली की माळावरची कोवळी मुळी तापलेल्या मातीत होरपळते. आपल्या देशाने १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांच्या पुढाकाराने वनमहोत्सव सुरू केला, तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठेवला, यामागे पावसाचाच विचार आहे. कोल्हापूरकरांना आणखी एक तारीख सहज सुचावी : २६ जून, राजर्षी शाहू महाराजांची जयंती. राधानगरीचे धरण बांधायला घेणाऱ्या आणि दाजीपूरचे जंगल राखणाऱ्या राजाच्या जयंतीला झाड लावण्याइतके योग्य निमित्त दुसरे कोणते असेल? त्या सुमारास जमिनीत ओल बऱ्यापैकी मुरलेली असते.

तारीख हलवणे म्हणजे दिनाचा अवमान, असा संकोच बाळगू नये. २२ मे हा आंतरराष्ट्रीय जैवविविधता दिन पूर्वी २९ डिसेंबरला होता. नाताळच्या सुट्ट्यांमुळे अनेक देशांना कार्यक्रम घेणे जमेना, म्हणून २००० साली संयुक्त राष्ट्रांनीच तो बदलला.

आता कामाविषयी. खड्डे एप्रिल-मे महिन्यांतच खणून उन्हात तापू द्यावेत. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तितकाच खोल खड्डा असावा. खणताना वरची काळी माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला ठेवावा. भरताना मुरूम टाळून वरची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा घालावा. रोपाची प्लास्टिकची पिशवी ब्लेडने उभी कापून पूर्ण काढून टाकावी. हे सांगायची वेळ येऊ नये, पण घाईच्या कार्यक्रमांत रोपे पिशवीसकट लावली जातात. मुळे आतल्या आत गोल फिरत राहतात आणि वर हिरवे दिसणारे रोप वर्षा-दोन वर्षांत मरते. तळाशी मुळांचा वेढा बसला असेल तर तो हलक्या हाताने मोकळा करावा. आधाराची काठी रोपापासून थोडी दूर रोवावी आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधावी. तारेने बांधल्यास खोड वाढताना तार सालीत रुतते. शेळ्या-मेंढ्यांपासून राखण्यासाठी बाभळीच्या किंवा बोरीच्या काटेरी फांद्यांचे कुंपण पुरते, लोखंडी जाळीच हवी असे नाही. पहिले दोन-तीन उन्हाळे जानेवारीपासून पाणी कोण घालणार, त्याची नावे आधी ठरवावीत आणि जितक्यांना पाणी घालता येईल तितकीच रोपे लावावीत.

झाडे निवडताना आपला जिल्हा सगळीकडे सारखा नाही हे विसरू नये. गगनबावड्याला कोसळणारा पाऊस आणि शिरोळला मिळणारा पाऊस यांची तुलनाच होत नाही. पश्चिमेकडच्या तालुक्यांत जांभूळ, हिरडा, अंजनी, फणस, ताम्हण चांगले वाढतात, तर कागल, हातकणंगले, शिरोळकडच्या माळांना करंज, कडुनिंब, बोर, पळस, आपटा मानवतात. वड, पिंपळ, उंबर कुठेही लावावेत, मात्र इमारती आणि विजेच्या तारांपासून दूर. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आहे आणि निलगिरी ऑस्ट्रेलियाची. माळ लवकर हिरवा दिसावा म्हणून त्यांच्या मागे लागू नये. उंबराच्या एका झाडावर जितके पक्षी, माश्या आणि वटवाघळे जगतात, तितका जीव निलगिरीच्या रांगेत सापडत नाही.

आणि येत्या ५ जूनला गेल्या वर्षीच्या जागेवर जाऊन किती रोपे जिवंत आहेत ते मोजावे. तो आकडा, चांगला असो वा वाईट, महाविद्यालयाच्या फलकावर लिहावा.

प्रश्न : मार्चमध्ये एक तास दिवे बंद ठेवण्याने कितीशी वीज वाचते?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : फार थोडी. मार्चच्या अखेरीस पाळला जाणारा हा ‘अर्थ अवर’ २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात सुरू झाला, तो वीज वाचवण्याचा उपाय म्हणून नव्हे, तर हवामानबदलाकडे लक्ष वेधण्यासाठी. विजेचा खर्च खरोखर कमी करायचा असेल, तर जुना पंखा बदलून कमी विजेवर चालणारा पंखा बसवणे आणि शेतीपंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर लावणे हे वर्षभर उपयोगी पडते.

प्रश्न : आमच्या गावापर्यंत पंचगंगा येते ती कोल्हापूर आणि इचलकरंजीची घाण घेऊन. उन्हाळ्यात पाण्याला वास येतो, जलपर्णी साचते, मासे तरंगतात. नदीसाठी कोणता दिन आहे आणि त्या दिवशी आम्ही काय करू शकतो?
— एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : दोन दिन आहेत. २२ मार्चचा जागतिक जल दिन १९९२ च्या रिओ परिषदेतून निघाला आणि १९९३ पासून साजरा होतो. सप्टेंबरचा चौथा रविवार हा जागतिक नदी दिन आहे; कॅनडातील नदीसंवर्धक मार्क अँजेलो यांच्या प्रस्तावावरून तो २००५ पासून पाळला जातो. आपण २२ मार्च निवडावा. सप्टेंबरात नदी भरलेली असते आणि घाण पाण्यात विरून जाते. मार्चमध्ये बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असतात, प्रवाह मंदावतो आणि नदीची खरी प्रकृती दिसते.

मासे का मरतात हे आधी समजून घ्यावे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी एकत्र येऊन नदी कोल्हापुराजवळ येते तोवर ती बरीच स्वच्छ असते. पुढे जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून येणारे सांडपाणी, कारखान्यांचे आणि कापड प्रक्रिया उद्योगांचे पाणी तीत मिसळते. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण जिवाणू खातात आणि ती खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त, तितका प्राणवायू लवकर संपतो आणि मासे गुदमरतात. जलपर्णीचा गालिचा पसरला की सूर्यप्रकाश आणि हवा दोन्ही अडतात आणि हे अधिकच बिघडते. वळवाच्या पहिल्या मोठ्या पावसात नाल्यांत साचलेला गाळ एकदम नदीत येतो, त्या वेळी मेलेल्या माशांचा खच दिसतो तो यामुळेच.

स्नानासाठी योग्य नदीचे आपल्या देशातील निकष ठरलेले आहेत. पाण्यात विरघळलेला प्राणवायू दर लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि जिवाणूंना घाण खाण्यासाठी लागणारा प्राणवायू, ज्याला बीओडी म्हणतात, तो ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. नृसिंहवाडीला संगमावर दर्शनाआधी स्नान करणाऱ्या हजारो भाविकांशी या दोन आकड्यांचा थेट संबंध आहे.

हे आकडे आपल्यालाही काढता येतात. जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला बरोबर घ्यावे. काचेची बाटली पाण्याखाली धरून एकही बुडबुडा राहणार नाही अशी भरावी आणि काठावरच तीत मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड ही दोन द्रावणे घालून बूच लावावे. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो; तो जवळजवळ नसेल तर साका पांढराच राहतो. पुढचे मोजमाप प्रयोगशाळेत होते, पण हा रंग घाटावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला डोळ्यांनी दिसतो आणि पन्नास भाषणांनी पटणार नाही ते त्याने पटते. नमुना सूर्योदयापूर्वी घ्यावा, कारण दिवसा शेवाळ प्रकाशात प्राणवायू सोडते आणि दुपारचा आकडा फसवा असतो. बीओडीसाठी नमुना २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवावा लागतो, म्हणून त्याची व्यवस्था आधी करून ठेवावी.

दरवर्षी २२ मार्चला, त्याच घाटावर, त्याच वेळी हे करावे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीच्या पाण्याचे नमुने नियमितपणे तपासते आणि त्यांचे निष्कर्ष संकेतस्थळावर ठेवते. आपले आकडे त्यांच्या शेजारी ठेवून ग्रामसभेत वाचावेत. वरच्या गावांनाही यात घ्यावे. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत पाच-सहा गावांनी एकाच पहाटे नमुने घेतले, तर नदी नेमकी कोठे बिघडते याचा नकाशाच तयार होईल. मग दोष कोणाचा यावर वाद घालत बसण्याची गरज उरणार नाही.

प्रश्न : २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो असे वाचले. रंकाळा ‘पाणथळ’ म्हणायचा काय?
— एक गृहिणी, रंकाळा परिसर

उत्तर : व्यापक अर्थाने होय. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झालेल्या कराराच्या व्याख्येत नैसर्गिक आणि मानवनिर्मित, दोन्ही प्रकारचे जलाशय येतात. महाराष्ट्रातील नांदूरमध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी ही तीन स्थळे त्या कराराच्या यादीत आहेत. रंकाळा त्या यादीत नाही. शिवाय पिण्यासाठी, सिंचनासाठी किंवा मनोरंजनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव देशाच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतून वगळलेले आहेत. म्हणून कायद्याचे कवच मिळेल या भरवशावर राहता येत नाही. शहराने स्वतःच लक्ष ठेवावे लागते.

कोल्हापूर हे तळ्यांचे शहर होते. वरुणतीर्थाच्या जागी आज गांधी मैदान आहे आणि कपिलतीर्थाच्या जागी मंडई. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी तुंबले की तक्रारी सुरू होतात, परंतु ते पाणी आपल्या जुन्याच जागेवर येत असते. तळी बुजवल्यावर पाणी थोपवणारी ठिकाणे गेली, हे २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या शहराने तरी विसरू नये. त्या महापुरांची कारणे अनेक आहेत आणि तळी हे त्यांतले एक लहान कारण असेल. तथापि ते आपल्या हातातले होते.

रंकाळ्यापुरते बोलायचे तर साबणाचे आणि सांडपाण्याचे फॉस्फेट पाण्यात येणे थांबले, तरच शेवाळ आणि जलपर्णी थांबेल. यंत्राने जलपर्णी काढणे आवश्यक आहे, पण ते तात्पुरते आहे. फेब्रुवारीत वारकरी, टिबुकली, पाणकावळे हे पक्षी सहज दिसतात. सकाळी मुलांना घेऊन त्यांची नोंद करावी आणि त्याच फेरीत तलावात पाणी सोडणाऱ्या प्रत्येक नळीची व गटाराचीही जागा लिहून घ्यावी.

प्रश्न : ५ डिसेंबरचा मृदा दिन आमच्या काय उपयोगाचा? ऐन गळिताच्या हंगामात आम्हाला कार्यक्रमांना वेळ नसतो.
— एक ऊस उत्पादक शेतकरी, हातकणंगले तालुका

उत्तर : हा दिवस आपल्यासाठी सर्वांत सोयीच्या वेळी येतो, असे आम्हाला वाटते. मृदाशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२ मध्ये तो सुचवला आणि २०१४ पासून संयुक्त राष्ट्रांतर्फे साजरा होऊ लागला. थायलंडचे राजे भूमिबोल यांची ही जन्मतारीख. मातीच्या रक्षणासाठी त्यांनी केलेल्या कामाचा तो सन्मान आहे. आपल्याकडे नेमकी याच दिवसांत तोडणी चालू असते आणि तोड झालेल्या फडाला काडी लावायची की नाही, हा निर्णय शेतकरी त्याच आठवड्यात घेत असतो.

एका हेक्टरच्या उसातून साधारण ८ ते १० टन पाचट, म्हणजे वाळलेला पाला, निघते. ते पेटवले की त्यातला सेंद्रिय कर्ब आणि नत्र हवेत जातो, वरच्या थरातले जिवाणू आणि गांडुळे मरतात आणि धूर गावावर राहतो. ते रानात ठेवायचे असेल, तर तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटावेत, पाचट सरीत सारखे पसरावे, त्यावर कृषी विद्यापीठाच्या शिफारशीइतका युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. ओले झालेले पाचट मातीला चिकटून बसते आणि पुढच्या काही महिन्यांत कुजून जाते. खोडव्याला पाण्याच्या पाळ्या कमी लागतात आणि तण दबते, हे ज्यांनी एकदा केले आहे त्यांना सांगावे लागत नाही. अडचण आहे ती पाचट आवरण्याच्या मजुरीची आणि शेजारच्या रानातून येणाऱ्या आगीची. म्हणून हे एकट्याने न करता एका पाणंदीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून ठरवावे.

नदीकाठच्या, विशेषतः शिरोळकडच्या क्षारपड जमिनी ही आपल्या जिल्ह्याची जुनी जखम आहे. भरमसाट पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे जमिनीतील क्षार वर येतात आणि पांढरा थर बसतो. माती परीक्षणात विद्युत वाहकता आणि सामू (पीएच) हे दोन आकडे आवर्जून पाहावेत. तोड झालेल्या रानातून, खत टाकण्याआधी नमुना घ्यायला डिसेंबरइतका चांगला काळ नाही. प्रत्येक प्लॉटमध्ये आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीतभर खड्डा करून कडेची माती घ्यावी, ती एकत्र मिसळून अर्धा किलो नमुना सावलीत वाळवावा. बांधाजवळची, झाडाखालची आणि खताच्या ढिगाजवळची माती घेऊ नये.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती कागदावर आहे. २२ मेला तिच्याकडून काय करून घेता येईल?
— एक ग्रामपंचायत सदस्य, आजरा तालुका

उत्तर : २२ मे १९९२ रोजी नैरोबी येथे जैवविविधता कराराचा मसुदा मान्य झाला, त्याची ही तारीख. या करारामुळे आपल्या देशात २००२ चा जैवविविधता कायदा आला आणि प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत अशी समिती असणे बंधनकारक झाले. गावातील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची नोंद, म्हणजेच लोकजैवविविधता नोंदवही, ही समितीची मुख्य जबाबदारी आहे. अनेक ठिकाणी ती बाहेरच्या माणसाकडून एकदाच भरून घेतली जाते आणि कपाटात जाते.

आपण ती वही कपाटातून काढून ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. जे गावात नाही ते खोडावे आणि जे राहून गेले ते म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावे. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, कारण तो सुवासिक वाण लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखला होता. आपल्या गावात घनसाळ आज किती घरे करतात, बियाणे स्वतःचे ठेवतात की विकत आणतात, याबरोबर आणखी कोणते जुने भात, नाचणी किंवा वरीचे वाण शिल्लक आहेत, हे मे महिन्यातच विचारावे. पेरणी तोंडावर असल्याने बियाण्याच्या कणगी तेव्हा उघडलेल्या असतात. देवराई असल्यास तिची हद्द, तिच्यातील जुनी झाडे आणि झरे यांची स्वतंत्र नोंद करावी आणि हद्दीच्या खुणा तलाठ्याला बरोबर घेऊन पक्क्या कराव्यात.

नोंदवहीत भर घातल्यावर तिची प्रत शाळेत ठेवावी आणि समितीची पुढची बैठक केव्हा होणार, त्याचा ठराव त्याच ग्रामसभेत करून घ्यावा.